मृग जुलैत गेल्यावर

पानिपतच्या लढाईच्या दिवशी संक्रांत नव्हती. हे मी एकदा बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर बोललो आणि त्या संध्याकाळी चहा दोनदा सांगावा लागला. संक्रांत म्हटलं की पानिपत, ही जोडी आमच्याकडे इतकी पक्की आहे की ती सोडवायला गेलं तर लोकांना सदाशिवरावभाऊंचाच अपमान झाल्यासारखा वाटतो. तारीख खरी आहे, १४ जानेवारी १७६१. वार खरा, बुधवार. तिथीही खरी, पौष शुद्ध अष्टमी. फक्त सूर्य मकर राशीत त्याच्या तीनचार दिवस आधीच, १० जानेवारीच्या सुमारास जाऊन बसला होता. उपाशी फौज मैदानात उतरली तेव्हा तिळगुळाचा दिवस उलटून गेलेला होता.

"म्हणजे त्या वेळी संक्रांत दहाला? मग चौदा कुणी केली?" कट्ट्यावरच्या एका मित्रानं विचारलं. आमच्या भागात कुठलीही रेषा सरकली की ती कुणी सरकवली हे आधी विचारायची सवय आहे. १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ती तारीख, इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पण ही रेषा कुठल्या सरकारनं सरकवलेली नाही, आणि ती अजून थांबलेलीही नाही.

दुसरा पुरावा तर आमच्या गावाच्या गल्लीपर्यंत येतो. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावला आले होते. रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरले, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. ही तारीख युवा दिनामुळे सगळ्यांना ठाऊक असते. तो दिवस मकरसंक्रांतीचा होता हे मात्र कमी लोकांना माहीत असतं. चरित्रात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि वाचणारा 'बारा तारखेला कशी असेल संक्रांत?' असं मनातही न आणता पुढं जातो.

तिसरा पुरावा सर्वांत जुना आणि सर्वांत आमचा. बेळगावला वेणुग्राम म्हणत त्या काळचा, रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्याचा शिलालेख. जैन देवालयाला दिलेल्या दानाचा तो लेख आहे आणि दानाचा दिवस त्यात नीट कोरलेला आहे: रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, शनिवार, उत्तरायण संक्रांती. युरोपात तेव्हा चालणाऱ्या कॅलेंडरनं तो दिवस २५ डिसेंबर १२०४ येतो. आपलं आजचं कॅलेंडर तसंच मागं नेलं तर १ जानेवारी १२०५. लेख कानडीत आहे. आणि दगड? तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. बेळगाव कुणाचं यावर आपण इकडे इतकी वर्षं भांडतोय, आणि बेळगावचा दगड तिसराच घेऊन गेला.

तर संक्रांत १२०५ च्या सुरुवातीला १ जानेवारीला, पानिपतच्या वेळी १० ला, विवेकानंद जन्मले तेव्हा १२ ला आणि आता १४ किंवा १५ ला. मागच्या काही वर्षांत १५ तारीख जास्त वेळा यायला लागली आहे आणि दर वेळी लोक कॅलेंडर छापणाऱ्यांना दोष देतात. या शतकाच्या शेवटाला १५ हीच नेहमीची होईल, मधूनमधून १६ येईल.

एवढ्या काळात सूर्यानं खरोखर उत्तरेकडे वळायचा दिवस मात्र जागचा हललेला नाही. तो २१-२२ डिसेंबरलाच आहे. संक्रांतीपासून दिवस मोठा व्हायला लागतो असं शाळेत शिकवतात, घरी आई सांगते, टीव्हीवरही सांगतात. वस्तुतः दिवस तोवर तीन आठवड्यांहून जास्त काळ मोठा होत आलेला असतो. ज्याला शंका असेल त्यानं गच्चीवर जावं. आमच्या घराच्या गच्चीवरून पश्चिमेला एक पाण्याची टाकी दिसते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य तिच्या डाव्या अंगाला अगदी टोकाला मावळतो, तिथंच काही दिवस रेंगाळतो आणि मग उजवीकडे परत फिरतो. भोगीच्या संध्याकाळपर्यंत तो चार सूर्यबिंबं शेजारी शेजारी ठेवावीत इतका सरकलेला असतो. साध्या डोळ्यांनी दिसतं. आमच्या हिनं तर पहिल्याच वर्षी ओळखलं, कारण वाळत घातलेल्या सांडग्यांवर टाकीची सावली कधी येते याचा हिशेब तिच्याकडे माझ्याआधीपासून होता.

ही गच्चीची पद्धत माझी नाही. उज्जयिनीचा वराहमिहिर सहाव्या शतकात हेच सांगून गेला आहे. बृहत्संहितेत तो म्हणतो, एके काळी सूर्याचं दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यापासून आणि उत्तरायण धनिष्ठाच्या आरंभापासून होत असलं पाहिजे, कारण पूर्वीच्या शास्त्रांत तसं सांगितलेलं आहे. आता ते कर्काच्या आणि मकराच्या आरंभी होतं. मग लिहिलेलं आणि दिसणारं जुळलं नाही तर काय करायचं? त्याचं उत्तर दोन शब्दांचं आहे: 'प्रत्यक्षपरीक्षणैर्व्यक्तिः'. स्वतः बघून ठरवा. कसं बघायचं तेही पुढच्याच श्लोकात आहे. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा दूरच्या खुणेशी वेध घ्या, नाहीतर मोठं वर्तुळ आखून काठीची सावली कुठून आत येते नि कुठून बाहेर जाते ते टिपा. पूर्वसूरी चुकले असं तो म्हणत नाही, आणि तेच खरं म्हणून आपले डोळेही झाकत नाही. त्या काळी असेल तसं, आज असं आहे, दोन्ही मांडून मोकळा. हा माणूस मला फार आवडतो. त्याच्या वेळी मकरसंक्रांत आणि खरं उत्तरायण यांत फारसं अंतर नव्हतं. आज ते चोवीस दिवसांवर गेलं आहे.

आता हे घडतं कशामुळं.

पृथ्वी पोटाशी फुगलेली आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६३५७. एकवीस किलोमीटरचा हा फुगवटा सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. पृथ्वीचा आस २३.४ अंश कलता असल्यामुळे फुगवटाही कलता आहे, आणि सूर्य-चंद्र त्याला आपल्या पातळीत ओढून घ्यायला बघतात. त्यात चंद्राचा वाटा दोन तृतीयांशांच्या आसपास, उरलेला सूर्याचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरत नसती तर या ओढीनं ती हळूहळू सरळ झाली असती. पण फिरत्या वस्तूला एका बाजूनं ओढलं की ती त्या बाजूला जात नाही, काटकोनात सरकते. भोवरा खेळलेल्या माणसाला हे हातानं माहीत असतं. जाळी सोडून भोवरा जमिनीवर आला, थोडा तिरका झाला, तरी तो पडत नाही, त्याची मान सावकाश गोल फिरायला लागते. पृथ्वीची मान तशीच फिरते. एका फेरीला सुमारे २५,८०० वर्षं.

भोवऱ्याचं उदाहरण सगळेच देतात आणि इथंच सोडतात, म्हणून एक गोष्ट जास्तीची सांगतो. भोवऱ्याला जमिनीची ओढ पाडायला बघत असते, त्यामुळे तो ज्या अंगाला फिरतो त्याच अंगाला त्याची मान वळते. पृथ्वीला सूर्यचंद्रांची ओढ उलट उभी करायला बघते. म्हणून तिची मान तिच्या फिरण्याच्या उलट दिशेनं वळते. दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य आकाशात जिथं असतो तो संपातबिंदू ताऱ्यांमधून मागं मागं, पश्चिमेला सरकत राहतो तो त्यामुळे. वर्षाला ५०.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). म्हणजे एक अंश सरकायला जवळजवळ ७२ वर्षं. सूर्याला ऋतूंची एक फेरी पुरी करायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा ताऱ्यांची फेरी पुरी करायला वीसेक मिनिटं जास्त लागतात, ती याच्यामुळे. आपली संक्रांत ताऱ्यांच्या फेरीवर चालते, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या फेरीवर. ती वीस मिनिटं साठत जातात आणि सत्तर-बहात्तर वर्षांनी त्यांचा एक दिवस होतो.

कार्तवीर्याच्या दगडापासून आजवर या हिशेबानं साडेअकरा दिवस यायला हवेत. येतात तेराएक. वरचा फरक पृथ्वीचा नाही, त्या काळच्या ज्योतिषांचा आहे. त्यांचं ताऱ्यांचं वर्ष खऱ्यापेक्षा साडेतीन मिनिटांनी मोठं होतं. आठशे वर्षांत दोन दिवस. घड्याळं नसताना एका वर्षाच्या लांबीत साडेतीन मिनिटांचा फरक, याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

न्यूटननं या ओढीचं गणित १६८७ मध्ये मांडलं. त्यानंतर जेम्स ब्रॅडली या इंग्रज ज्योतिर्विदानं वीस वर्षं तारे मोजून १७४८ मध्ये जाहीर केलं की ही मान गोल फिरता फिरता बारीक थरथरतेही आहे, १८.६ वर्षांच्या फेरीनं. का? तर चंद्राच्या कक्षेचे छेदबिंदू, म्हणजे ती सूर्याच्या वाटेला छेदते त्या दोन जागा, तेवढ्या काळात एक चक्कर पुरी करतात. हे छेदबिंदू म्हणजे आपले राहू आणि केतू. राहूच्या नावावर आमच्याकडे मोडलेल्या लग्नांपासून बुडालेल्या भिशीपर्यंत काय काय खपवलं जातं. त्याचं म्हणून मोजता आलेलं काम हे एवढंच आहे, पृथ्वीच्या आसाला नऊ विकलांचा हिसका.

हे सगळं पुस्तकात वाचून कळतं. पण मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा होता. जी गोष्ट एका अख्ख्या आयुष्यात एक अंश सरकते, ती माणसाला कळली कशी?

आमचे आज्जा पंचांगाच्या समासात पावसाच्या नोंदी करायचे. शिसपेन्सिलीनं, मोडीचं वळण असलेल्या बाळबोधीत. 'मिरग लागला. पाणी नाही.' 'आद्रा चांगल्या.' 'धूळवाफ पेरा फुकट, दुबार.' धूळवाफ म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात केलेली पेरणी. पंचांगांची ती चळत माळ्यावरच्या ट्रंकेत अजून आहे. नोंदी मन लावून केलेल्या आहेत आणि त्यांत मृगाची तारीख कधी ७ जून, कधी ८. सुरुवातीच्या पंचांगातही तीच आणि शेवटच्याही. जगाच्या डोक्यावरचं आकाश सरकतंय हे आज्जांच्या सगळ्या चळतीतून दिसत नाही, कारण एका माणसाच्या चळतीत ते मावतच नाही. दुसऱ्या कुणाची तरी त्याआधीची चळत लागते, आणि त्या माणसानं ती खरी लिहिलेली आहे असा विश्वासही लागतो.

हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाला ती मिळाली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात त्यानं चित्रा तारा शरद संपातापासून किती अंतरावर आहे ते काढलं. चंद्रग्रहणाच्या वेळी चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यावरून. आलं सहा अंश. त्याच्याआधी दीडशेएक वर्षं अलेक्झांड्रियात टिमोकॅरिसनं तेच मोजलं होतं, त्याचे आले होते आठ. दोन अंशांचा फरक. कुणीही म्हटलं असतं, जुन्या माणसाचं मोजमाप कच्चं. हिपार्कस तसं म्हणाला नाही. त्यानं टिमोकॅरिसवर विश्वास ठेवला आणि आकाशावर संशय घेतला. शतकाला निदान एक अंश तरी सरकत असणार, असं त्यानं ठरवलं. खरी गती त्याहून जास्त आहे, पण 'निदान' म्हटल्यामुळे तो चुकलेलाही नाही.

हीच चित्रा पुढं आपल्याकडेही उपयोगी पडली. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४-१९३०) नरगुंदला जन्मलेले, आयुष्य विजापूरकडे गेलेलं. कर्नाटकातला मराठी माणूस म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढं मोर्चा येतो, केतकर येत नाहीत, हे वाईट आहे. १९११ मध्ये नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असला पाहिजे असं गणित त्यांनी फ्रान्सच्या ज्योतिष मंडळाच्या नियतकालिकात छापलं होतं. राशिचक्राचा आरंभ आकाशात नेमका कुठं धरायचा यावर पंचांगवाल्यांत जो मोठा वाद झाला त्यात केतकर चित्रापक्षाचे. चित्रा तारा बरोबर समोर, १८० अंशांवर येईल असा आरंभ धरा. लोकमान्य टिळक रेवतीपक्षाचे, म्हणजे आरंभ रेवती ताऱ्यापाशी धरणारे. दोन पक्षांत चार अंशांचं अंतर, म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्यांची संक्रांत आजही १० जानेवारीला येते. आमच्या ओळखीत असं एक घर आहे. त्यांचा तिळगूळ दहाला येतो, चौदाला आमचा त्यांच्याकडे जातो आणि त्याच दिवशी शेजारच्या कानडी घरातून एळ्ळु-बेल्लची वाटी येते. पोरांनी राशिचक्राच्या आरंभावर कधीच आक्षेप घेतलेला नाही.

टिळकांचा या विषयाशी संबंध पंचांगापुरता नव्हता. बेळगावकरांना टिळक आठवतात ते एप्रिल १९१६ चे, इथं होमरूल लीग स्थापन झाली ते. त्याआधी तेवीस वर्षं, १८९३ मध्ये, त्यांनी 'ओरायन' लिहिलं. वैदिक वाङ्मयात वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा आहेत, तो तिथं असायला इसवी सनापूर्वी ४००० ते २५०० चा काळ लागतो, म्हणून ते वाङ्मय तितकं जुनं, असा त्यांचा युक्तिवाद. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, भारतीय ज्योतिषशास्त्राचा आपला मोठा इतिहास प्रसिद्ध केला. शतपथ ब्राह्मणातलं वाक्य त्यांनी हेरलं होतं. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असं तिथं म्हटलं आहे. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील? दीक्षितांचं उत्तर, इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास.

या दोघांचे निष्कर्ष आज सगळ्यांना मान्य आहेत असं नाही. जुन्या वाक्याचा अर्थ लावण्यात पुष्कळ ताणाताणी करता येते आणि टिळकांनी ती केलेली आहे असं मलाही वाचताना वाटलं. दीक्षितांचं वाक्य मला जास्त पटतं, कारण तिथं निदान दिशा सांगितलेली आहे. पण पद्धत बघा. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी कृत्तिका उगवताना बघितल्या आणि जे दिसलं ते सांगितलं. सांगताना आपण काळाची खूण सोडतोय हे त्याच्या गावीही नसणार.

आकाशात स्थिर म्हणून दाखवायला आपल्याकडे ध्रुव आहे. बेळगावहून तो क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर दिसतो. घरं, झाडं, उसाचं शिवार यांच्या मागं तो सहज लपतो. नीट बघायचा तर राजहंसगडावर, आमच्या तोंडी येळ्ळूरचा गड, तिथं जावं लागतं. लग्नात नवरीला ध्रुव दाखवतात तेव्हा मंगल कार्यालयातला भटजी पंख्याकडे बोट करतो आणि सगळे मान डोलावतात. त्याचंही फार चुकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी हा तारा ध्रुवबिंदूपासून अकराबारा अंश लांब होता, त्याला अढळ म्हणण्यासारखं काही नव्हतं. कार्तवीर्याच्या वेळीही पाचेक अंश. आज अंशाहून कमी, आणि २१०० च्या सुमारास तो सर्वांत जवळ, अर्ध्या अंशाच्या आत येईल. मग दूर जायला लागेल. पाचेक हजार वर्षांपूर्वी कालेय नक्षत्रातला ठुबान ध्रुवस्थानी होता. अजून बाराएक हजार वर्षांनी अभिजित त्या बाजूला येईल, तोही चारपाच अंश लांबच राहील.

पण ध्रुव सरकला काय आणि अभिजित आला काय, शेतकऱ्याला त्याचं काय? शेतकऱ्याचा संबंध मृगाशी. खरी गंमत तिथं आहे.

पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्य त्या त्या नक्षत्रात असण्याचा काळ. ती ताऱ्यांच्या फेरीवर चालतात, पाऊस ऋतूंच्या फेरीवर. आज मृग ७-८ जूनला लागतो आणि पावसाळाही साधारण त्याच सुमारास आमच्याकडे पोचतो, म्हणून ही जोडी आपल्याला जन्मजन्मांतरीची वाटते. वराहमिहिराच्या काळी मृग मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागत असणार. तेव्हा आमच्याकडे फार तर वळीव पडत असेल. शिवाजीमहाराजांच्या वेळी तो आताहून पाचेक दिवस आधी. दोन हजार वर्षांनी तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाईल. म्हणजे मृगाला पेरणीचा मान देणारी जेवढी म्हणून वचनं आहेत ती अनादि असू शकत नाहीत. ज्या काळात मृग आणि पाऊस जवळ आले त्या काळातली ती असणार. टिळकांनी ऋचांना लावलेली पद्धत आज्जीच्या म्हणींना लावून बघायला काय हरकत आहे? अडचण एकच, पाऊस स्वतःच कधी पंधरा दिवस पुढं, कधी मागं. त्यामुळे म्हणीचं वय काढलं तरी त्यात हजार वर्षं इकडची तिकडं होतील.

'पडतील उत्तरा, भात खाईना कुत्रा.' आमच्या खानापूर-बेळगावच्या भाताच्या पट्ट्यात ही म्हण आजही खरी. उत्तरा लागतात १३ सप्टेंबरच्या आसपास, भात पोटरीत किंवा नुकतं निसवलेलं असतं, तेव्हा पाणी मिळालं की दाणा भरतो, इतका की कुत्राही भाताला तोंड लावीना. दोन हजार वर्षांनी उत्तरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतील. तेव्हा पडल्या तर पिकलेलं भात आडवं होईल, शेतातच कोंभ येतील. म्हण तीच, अर्थ उफराटा.

आणि पृथ्वीच्या मानेचा हा डोल नुसती नावं सरकवत नाही, पाऊसही कमीजास्त करतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती आता जानेवारीच्या सुरुवातीला, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैत ती १५ कोटी २१ लाखांवर जाते. एवढ्या फरकानं सूर्याकडून मिळणारी उष्णता सातएक टक्क्यांनी बदलते. अकराएक हजार वर्षांपूर्वी हे उलट होतं, आपल्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ होती. जमीन जास्त तापायची, समुद्रावरून वारे जोरात यायचे, मोसमी पाऊस आजच्यापेक्षा बळकट होता. आज जिथं सहारा वाळवंट आहे तिथं तळी होती, गवत होतं, पाणघोडे होते. आसाचं फिरणं आणि पृथ्वीच्या लंबगोल कक्षेचं स्वतःचं सावकाश फिरणं मिळून ही फेरी २५,८०० ची न राहता एकोणीस ते तेवीस हजार वर्षांची होते. म्हणजे मलप्रभेला कणकुंबीजवळ जे पाणी सुटतं त्याच्या कमीजास्त होण्यातही या मानेच्या वळण्याचा हात आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

त्यातच येळ्ळूरला आण्णांकडे गेलो. आण्णा माझे थोरले चुलते. मेचा शेवटचा आठवडा होता, दुपारी वळीव पडून गेला होता आणि अंगणात कुरी काढून ठेवलेली. मी मृगाचं सगळं सांगितलं, वराहमिहिरासकट.

"म्हणजे काय गा, मिरग जुलैत जाणार?"

"होय, आण्णा. दोन हजार वर्षांनी."

"आणि पाऊस?"

"पाऊस जूनातच."

आण्णांनी थोडा विचार केला. "मग रोहिणीत पेरतील की. आत्ता आम्ही धूळवाफ कशात पेरतोय? रोहिणीतच की. पुढं कृत्तिकेत पेरतील. नाव काय बी असू दे, ओल बघून पेरायचं."

मी म्हटलं, "रोहिणीसुद्धा सरकणार, आण्णा. तीही मागंच येत राहणार. दोन हजार वर्षांनी रोहिणी २२ जूनच्या आसपास."

"तेच म्हणतोय की मी. एक सरकलं की त्याच्या आधीचं त्या जागेला येतंय. सत्तावीस हायत, संपत नाहीत." मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. "ते राहू दे. चष्मा आत हाय माझा. यंदा मिरगाचं वाहन काय हाय ते बघ जरा."

मी उठून जूनचं पान उलटलं.

"कोल्हा."

"बोंबलली मग धूळवाफ," आण्णा म्हणाले आणि दुबार पेरणीला बी किती मागं ठेवायचं ते वहिनीला हाक मारून सांगायला लागले.